दूरस्थांची बैठक

देण्याघेण्याचा व्यवहार जितका दूरचा, तितका त्याच्या मुळाशी असलेला विश्वास जवळचा असावा लागतो, हे आपल्या पेढीवाल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते. आज चित्र पालटल्यासारखे दिसते. आमच्या भीमपूरच्या बाजारात मिरच्यांच्या ढिगाशेजारी, बांगड्यांच्या हातगाडीवर, पंक्चर काढणाऱ्याच्या टपरीवर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा तो चौकोनी कागद चिकटवलेला असतो. गिऱ्हाईक ‘स्कॅनर आहे ना?’ एवढेच विचारते, फोन कागदासमोर धरते आणि चालू लागते. मग विक्रेत्याच्या मांडीशी ठेवलेली लहानशी पेटी तेलुगूत किंवा हिंदीत अमुक रुपये मिळाल्याची द्वाही फिरवते. विक्रेत्याने गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहिलेलेही नसते. त्याचे कान पेटीकडे लागलेले असतात, आणि तिने शब्द दिला की त्याचे समाधान होते.

वाचकहो, हा एवढा मोठा अबोला आणि त्यातून होणारा एवढा बिनचूक हिशेब कोणी तरी योजून ठेवलेला आहे. त्या योजकांविषयी आज थोडे लिहावयाचे आहे. नवल असे की, माणसांनी एकमेकांना न भेटता पैसे द्यावेत-घ्यावेत अशी व्यवस्था लावणारी ही मंडळी स्वतः एरवी परस्परांपासून हजारो मैल दूर बसून, फोनवर आणि संगणकावर काम करतात. परंतु प्रश्न खरोखर अवघड झाला, की सामानसुमान आवरून कोणत्या तरी शहरी एका खोलीत जमतात. ज्यांनी अंतर नाहीसे करण्याचा विडा उचलला, त्यांनाच अंतर का जाचावे?

उत्तर शोधण्यापूर्वी थोडे मागे जाऊ. पुण्याहून काशीला निघालेला यात्रेकरू कमरेला रुपये बांधून जात नसे. पुण्याच्या पेढीवर रक्कम भरून तो काशीच्या पेढीवरची हुंडी घेई. दाखविताक्षणी पैसे मिळत ती दर्शनी, ठरावीक दिवसांनी मिळत ती मुदती, आणि केवळ प्रतिष्ठित सावकाराच्या हातूनच वटेल ती शहाजोग. मूळ कागद वाटेत गहाळ झाला तर दुसरी प्रत म्हणजे पेठ, तीही हरवली तर परपेठ. पैसे चुकते झाले की रद्द केलेला कागद खोखा म्हणून जपून ठेवायचा. या कामाबद्दल पेढी घेई ती हुंडणावळ. रक्कम लिहिण्याची रीत तर मुलांना मी आवर्जून सांगतो: रुपये १००, त्याचे निमे ५०, त्याची दुप्पट पुरे. एका आकड्यात कोणी शून्य वाढविले तर दुसरा आकडा त्याची चहाडी सांगावा, अशी ही युक्ती. कागदावर शिक्के नव्हते, सरकारी हमी नव्हती. तरीही पुण्याचा शब्द काशीत चाले.

आमच्या या सीमाभागात तर पैशाला आणखी एक अडथळा होता. पैनगंगेच्या अलीकडे निजामाचे राज्य, तेथे हाली रुपया. पलीकडे वऱ्हाड, १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली गेलेले, तेथे कलदार. ठरीव भावाने १०० कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली पडत, म्हणजे सहास सात. उन्हाळ्यात नदी गुडघाभर पाण्याची. बैलजोडी दोन घटकांत पार होई, परंतु बैलाची किंमत पार करण्यास हिशेबनीस लागे आणि बट्टा द्यावा लागे. हैदराबादचा रुपया कायद्याने कायमचा बाद झाला तो १९५९ साली. माझ्या पिढीने तो वापरला नाही, पण घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी ‘हाली की कलदार?’ हा प्रश्न म्हणीसारखा उरलेला आम्ही ऐकला आहे.

या साऱ्या व्यवहारामागे बळ कशाचे होते? भेटीचे. पेढ्यांचे जाळे बव्हंशी नात्यागोत्याचे आणि जातभाईंचे असे. लग्नकार्ये, यात्रा, दिवाळीचे वहीपूजन या निमित्तांनी एका गावचा सावकार दुसऱ्या गावच्या सावकाराच्या पंगतीला बसे, त्याच्या मुलाची चालचलणूक पाही, मुनिमाचे अक्षर ओळखी. त्या पंगतीत ज्याचे पान कधीच मांडले गेले नाही, त्या कुणब्याला वा गोंडाला हुंडी कोठली? त्याच्या वाट्याला सावकाराचे खत आणि त्यावरचा अंगठा एवढेच आले. हा मुद्दा वाचकांनी मनात ठेवावा; पुढे लागणार आहे.

आता महाजालाकडे वळू. संगणकाच्या पडद्यावर ‘४०४’ हा आकडा अनेकांनी पाहिला असेल. मागितलेले पान सापडले नाही, असा त्याचा अर्थ. त्याच्याच शेजारी ‘४०२’ असा एक आकडा आहे. ‘पैसे देणे आवश्यक’ असा त्याचा अर्थ, आणि १९९७ च्या जानेवारीत छापलेल्या नियमावलीत त्यापुढे एवढेच लिहिले आहे की, हा संकेत भविष्यकाळासाठी राखून ठेवला आहे. पंगतीत येणाऱ्या पाहुण्यासाठी पाट मांडून ठेवावा आणि पाहुण्याने वर्षानुवर्षे येऊ नये, तसा हा आकडा रिकामा बसून राहिला. (२०२५ च्या जुलैत क्लाउडफ्लेअर या कंपनीने संकेतस्थळे वाचीत फिरणाऱ्या यंत्रांकडून शुल्क मागण्यासाठी या पाटावर कोणाला तरी बसविले खरे, पण तो विषय निराळा.) पाने कशी लिहावीत, चित्रे कशी दाखवावीत, हे महाजालाच्या जनकांनी ठरविले, पैसे कसे द्यावेत हे मात्र प्रत्येक दुकानाने आपापल्या मताने ठरविले. परिणाम आपण भोगतोच. दर दुकानाचा निराळा तक्ता, त्यात कार्डाचे सोळा आकडे, नाव, महिना, वर्ष, पत्ता. एक रकाना चुकला की सारे पहिल्यापासून.

हा घोळ निस्तरण्यासाठी वेबचे मानक ठरविणाऱ्या संस्थेने, म्हणजे टिम बर्नर्स-ली यांनी १९९४ साली स्थापन केलेल्या डब्ल्यूथ्रीसीने, २०१५ च्या ऑक्टोबरात एक कार्यगट नेमला. ब्राउझर बनविणाऱ्या कंपन्या, बँका, कार्ड-कंपन्या, व्यापारी अशा नाना ठिकाणची माणसे त्यात होती. कोणी अमेरिकेत, कोणी युरोपात, कोणी दक्षिण आफ्रिकेत, कोणी ऑस्ट्रेलियात. काम मुख्यतः फोनवरच्या बैठकांतून चाले. अमेरिकेत सकाळ, तेव्हा आपल्याकडे दिवेलागण आणि सिडनीला मध्यरात्र. कोणीतरी नेहमीच झोपेतून उठून बोलणार. शिस्त मात्र वाखाणण्यासारखी. बोलावयाचे असेल त्याने लेखी खूण करून रांगेत नाव घालायचे, अध्यक्षाने पुकारल्यावरच तोंड उघडायचे, एकाने लेखनिक होऊन इतिवृत्त टिपायचे, आणि ते इतिवृत्त जगासमोर उघडे ठेवायचे. आमच्या मंडळातील मुख्याध्यापकांच्या सभेत एवढी शिस्त आली तर सभा दुपारच्या चहापूर्वीच आटोपेल.

इतके सुरळीत असताना २०१६ च्या फेब्रुवारीत ही मंडळी सॅन फ्रान्सिस्कोस प्रत्यक्ष जमली. कारण समोर दोन मसुदे होते. एक मोठ्या ब्राउझर-कंपन्यांकडून आलेला. दुसरा, ज्यांनी या प्रश्नाचा कित्येक वर्षे स्वयंसेवेने पाठपुरावा केला होता त्यांचा. दोहोंतून एक निवडायचा म्हणजे कोणाच्या तरी वर्षांच्या कष्टांवर पाणी सोडायचे. असा निर्णय पत्रापत्रीने होत नाही. झाला तरी टिकत नाही. तो त्या खोलीत मार्गी लागला, आणि एप्रिलमध्ये पहिला सार्वजनिक मसुदा बाहेर पडला. त्याचा पाया ब्राउझर-कंपन्यांच्या मसुद्याचा होता. ज्यांच्या हाती दरवाजा, त्यांच्या सोयीची चौकट बसली असे कोणी म्हणेल, आणि ते अगदीच खोटे नाही.

योजना समजावयास अवघड नाही. दुकानाने एवढेच सांगायचे की मला इतकी रक्कम, अमुक चलनात, या या रीतींनी चालेल. ब्राउझरने ग्राहकापुढे त्याच्याजवळ असलेल्या रीतींची यादी ठेवायची. ग्राहकाने एकीवर बोट ठेवायचे. दर दुकानी निराळा तक्ता भरण्याची यातायात संपली. यातील एक बारकावा मला फार आवडला. रक्कम संगणकाला संख्या म्हणून द्यायची नाही, अक्षरांची ओळ म्हणून द्यायची, असा नियम या मंडळींनी घातला. संगणक दोनाच्या पाढ्यात मोजतो. आपल्या दशमानात जसा एकतृतीयांश कधी पुरा लिहून होत नाही, तसा त्याच्या मोजणीत एकदशांश पुरा होत नाही. तेव्हा दहा पैशांत वीस पैसे मिळविले तर कोठे तरी तेराव्या-चौदाव्या घराच्या पलीकडे धूळ साचते. पैशाच्या हिशेबात धूळ चालत नाही. म्हणून रक्कम जशी लिहिली तशी, अक्षरशः, पुढे न्यायची. निमे पन्नास, दुप्पट पुरे असे लिहिणाऱ्या आमच्या मुनिमाला हा नियम वाचून दाखविला असता तर त्याने नुसती मान हलविली असती.

पण आपला प्रश्न भेटीचा होता. फोनवर काय साधत नाही? अध्यक्ष विचारतो, कोणाची हरकत? पलीकडे शांतता. ती संमतीची, संकोचाची, की इंग्रजी भराभर बोलता येत नाही म्हणून गिळलेल्या शब्दांची, हे तारेवरून कळत नाही. याचा अनुभव मला माझ्याच शाळेत आला. महासाथीच्या काळात, १ सप्टेंबर २०२० पासून, आमच्या राज्यात दूरचित्रवाणीवरून पाठ सुरू झाले आणि शिक्षकांच्या बैठका फोनवर होऊ लागल्या. वेळापत्रक ठरले, मुलांच्या याद्या ठरल्या, सर्वांनी होकार दिला. काही आठवड्यांनी आम्ही अंतर ठेवून, तोंडे झाकून, एका वर्गात बसलो. तेच वेळापत्रक मी पुन्हा वाचू लागलो तेव्हा आमच्यातील एका ज्येष्ठ शिक्षिकेने चष्मा काढून बाकावर ठेवला. या बाईंनी चष्मा काढला म्हणजे त्यांना काही पटलेले नाही, हे आमच्या शाळेत शिपायापासून सर्वांना ठाऊक आहे. त्यांना विचारले. तेव्हा कळले की नदीकाठच्या वाड्यांतील मुलांच्या घरी संच नाहीत, ज्या घरी आहे ते घर पाठाच्या वेळी कुलूप लावून कापसात गेलेले असते. वेळ बदलली, शिक्षक वाड्यांवर जाऊ लागले. फोनवर चष्मा दिसत नाही.

महाजालाचे नियम करणारी आणखी एक जुनी संस्था आहे, आयईटीएफ. तेथे निर्णयासाठी मतदान घेत नाहीत. अध्यक्ष बाजू मांडतो, आणि ज्यांना ती मान्य ते ओठ मिटून हुंकार देतात. मग विरुद्ध बाजूचा हुंकार. कोणाचा आवाज मोठा यापेक्षा कोणत्या कोपऱ्यातून तो आला, किती खोलातून आला, हे अनुभवी अध्यक्ष ओळखतो आणि विरोधी हुंकार थोडा जरी दाट वाटला तरी थांबून कारण विचारतो. कीर्तनकार जसा टाळकऱ्यांचा कानोसा घेतो तसेच हे. असा कानोसा घ्यावयाचा तर एका छपराखाली बसावेच लागते.

पुढे कार्यगटाच्या बैठका लंडन, लिस्बन, सिंगापूर, फुकुओका अशा होत राहिल्या. २०२० आणि २०२१ साली सारे घरीच. २०२२ च्या सप्टेंबरात मंडळी पुन्हा व्हँकूवरला भेटली आणि त्याच महिन्यात त्यांच्या योजनेला अंतिम मानकाचा दर्जा मिळाला. पहिल्या मसुद्यापासून सहा वर्षे लागली. या सहा वर्षांत पुष्कळ काही गाळले गेले. ग्राहकाचा पोच-पत्ता विचारण्याचा भाग आरंभी होता, तो अंतिम लेखात नाही. भीमपूरकर म्हणून मला त्याचे दुःख वाटले नाही. ‘मारुतीच्या देवळामागे, लिंबाच्या डावीकडे’ हा आमचा पत्ता जगातल्या कोणत्याही तक्त्याच्या रकान्यात आजवर बसलेला नाही.

त्याच २०१६ च्या एप्रिलमध्ये, ११ तारखेस, मुंबईत रघुराम राजन यांच्या हस्ते यूपीआयचे उद्घाटन झाले. या गोष्टीचे मूळ आपल्या हैदराबादेत आहे, हे तेलंगणातील मराठी वाचकांना सांगावेसे वाटते. बँकांच्या तंत्रज्ञानासाठी रिझर्व्ह बँकेने १९९६ साली हैदराबादला आयडीआरबीटी ही संस्था काढली. एका बँकेचे कार्ड दुसऱ्या बँकेच्या यंत्रात चालावे म्हणून तिने २००४ साली राष्ट्रीय जोडणी उभारली, आणि २००९ च्या डिसेंबरात ती जोडणी मुंबईच्या एनपीसीआय या नव्या संस्थेकडे सोपविली. २०१० साली फोनवरून तत्काळ रक्कम पाठविण्याची सोय झाली, आणि तिच्या खांद्यावर यूपीआय उभे राहिले. त्याचा तांत्रिक मसुदा २०१५ च्या आरंभी चर्चेसाठी ठेवण्यात आला. बंगळूरच्या आयस्पिर्ट या संस्थेचे स्वयंसेवक, त्यांत आधारची रचना करणारे प्रमोद वर्मा, यांचा त्यात हात होता. मुंबईत एनपीसीआयच्या बाजूने राबणाऱ्यांत दिलीप आसबे होते. ते २०१८ पासून त्या संस्थेचे प्रमुख झाले.

रचना अशी. तुमचा खातेक्रमांक कोणाला सांगायचा नाही. त्याऐवजी टपालपेटीसारखे एक नाव घ्यायचे. पैसे देणाऱ्याने ते नाव आणि रक्कम लिहून आपला गुप्त क्रमांक दिला की एनपीसीआय ते नाव कोणत्या बँकेचे हे शोधते, देणाऱ्याच्या बँकेकडून रक्कम वजा करविते, घेणाऱ्याच्या बँकेत जमा करविते, दोघांना पोच देते. बँकांचा आपसातला हिशेब मागाहून रिझर्व्ह बँकेत मिटतो. दर्शनी हुंडीच ही, फक्त मुनीम एक आणि तो झोपत नाही.

आरंभी २१ बँका होत्या. एकमेकांच्या गिऱ्हाइकांवर टपलेल्या इतक्या संस्थांनी आपली खाती एकाच दाराने उघडी करायची, हे पत्रव्यवहाराने घडण्यासारखे नव्हते. डब्ल्यूथ्रीसीपाशी कोणावर हुकूम चालविण्याचे सामर्थ्य नाही, म्हणून तेथे सहा वर्षे समजूत घालावी लागली. येथे टेबलाच्या टोकाला रिझर्व्ह बँक होती. दोन्ही रीतींत लाभही आहेत आणि तोटेही. मला विचाराल तर मुंबईची रीत काम लवकर उरकते, आणि राहून गेलेल्या माणसाची आठवण तिला उशिरा होते.

वर सावकारांच्या पंगतीची गोष्ट लक्षात ठेवावयास सांगितले होते, ते यासाठी. योगायोग पाहा. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी तेलंगणातील जिल्ह्यांची फेररचना झाली आणि तामसी मंडळातून निघून भीमपूर हे स्वतंत्र मंडळ झाले. त्या महिन्यात अवघ्या देशात यूपीआयचे व्यवहार सुमारे एक लाख झाले होते. ८ नोव्हेंबरला नोटा रद्द झाल्या. ३० डिसेंबरला ‘भीम’ नावाचे ॲप निघाले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचे ते ॲप आपल्या गावाच्या नावाने निघाले, अशी आमच्या पाचवीच्या मुलांची बरेच दिवस समजूत होती आणि ती मोडण्याची घाई मी केली नाही. पण नावात गाव असून गावाला त्याचा उपयोग किती होता? त्यासाठी स्मार्टफोन हवा. गुप्त क्रमांक ठरविण्यासाठी डेबिट कार्ड हवे. आणि वाचता यायला हवे हिंदी किंवा इंग्रजी; आरंभी या दोनच भाषा होत्या. तेलुगू, मराठी मागाहून आल्या. ज्या शहरात ती घडविली गेली त्या शहराची भाषा मागाहून यावी, यावर मी अधिक काही लिहीत नाही.

बटणांच्या साध्या फोनवरून बोलून किंवा मिसकॉल देऊन पैसे पाठविता यावेत अशी ‘१२३ पे’ ही सोय ८ मार्च २०२२ रोजी झाली. देशात असे फोन तेव्हा सुमारे ४० कोटी असल्याचे सांगितले जात होते. म्हणजे मूळ योजनेनंतर सहा वर्षांनी ४० कोटींसाठी खुर्ची मांडण्यात आली. आज यूपीआयचे व्यवहार एका महिन्यात २,००० कोटींच्या वर जातात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये प्रथमच तो टप्पा ओलांडला. या यशाचा मला अभिमान आहे. तरीही रोजगार हमीची मजुरी काढावयास बँकमित्राच्या यंत्रापुढे उभ्या असलेल्या बायका मी पाहतो, तेव्हा अभिमान जरा खाली ठेवावा लागतो. यंत्र अंगठा मागते. वर्षानुवर्षे कापूस वेचून, बोंडांचे काटे लागून ज्या बोटांच्या रेषा झिजल्या, ती बोटे यंत्र ओळखत नाही. बाई पदराला अंगठा पुसते, पुन्हा टेकविते. पुन्हा नाही. ‘उद्या या’ असे ऐकून ती परतते, आणि तिची उद्याची मजुरीही त्या फेरीत जाते. हा अंगठा यंत्राने ओळखावा असे जेथे ठरले, त्या खोलीत कापूस वेचणारे कोणी बसले असते तर ठरण्यापूर्वी एक हुंकार नक्की उठला असता.

पैसे मध्येच अडकतात तेव्हाची गोष्ट आणखी निराळी. गतवर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी कापड घेताना माझ्या खात्यातून ६४० रुपये गेले, दुकानदाराकडे पोचले नाहीत. बँकेत विचारले तर ‘सिस्टिममध्ये आहेत’ एवढेच उत्तर. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम स्पष्ट आहे: असे पैसे ठरलेल्या मुदतीत आपोआप परत यावेत, न आल्यास पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. नियम ठाऊक असल्याने मी तो सांगितला, आणि पैसे आले. दुकानदाराने कापड त्याच दिवशी दिले होते, कारण त्याची दोन्ही मुले माझ्या शाळेत शिकली. जी बाई ना नियम जाणते ना दुकानदाराच्या ओळखीची, तिच्या हाती पेठही नाही आणि परपेठही नाही.

डब्ल्यूथ्रीसीची वार्षिक सभा २०२५ च्या नोव्हेंबरात जपानात कोबे येथे झाली. या विषयाचे काम चालूच आहे. पैसे देणारा तोच आहे ना, याची खातरजमा फोनवरच्या बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने करून घेण्याची एक योजना सध्या त्या मंडळींपुढे आहे. पुन्हा बोट! हे वाचून मी दहावीच्या वर्गाला एक निबंध दिला: अशा बैठकीत तुम्हाला एक खुर्ची मिळाली तर काय सांगाल? एकीने लिहिले, पेटीने रक्कम दोनदा सांगावी, एकदा मराठीत, कारण आजीला तेलुगू आकडे कळत नाहीत. एकाने लिहिले, आईचा अंगठा उमटत नाही, आवाज उमटतो, तर आवाजावर भागवावे. घरी गोंडी बोलणाऱ्या एका मुलाने निबंध म्हणून एकच ओळ लिहिली. व्याकरणाचे दोन गुण मला कापावे लागले, बाकीचे सारे दिले. ‘पैसे अडकले तर कोणाच्या घरी जायाचे ते त्या कागदावर लिहून ठेवा.’